गिरकीचा घेर

शिंप्यानं कपडा कबूल केलेल्या दिवशी दिला, अशी एकही घटना आमच्या घराण्याच्या इतिहासात नोंदलेली नाही. ‘परवा न्या’ हे त्याचं ब्रीदवाक्य आणि परवा गेलं की ‘काजं-बटणं तेवढी राहिलीत’ हे उपवाक्य. माझ्या लग्नासाठी शिवायला टाकलेला कोट मी पहिल्यांदा अंगात घातला तो आमच्या कन्येच्या बारशाला, आणि तेव्हा त्याची बटणं लागेनात. कारण मध्यंतरी एक दिवाळसण आणि एका अधिक महिन्याचे अनारसे होऊन गेले होते. त्यामुळे ज्याला एक दिवसही उशीर करून चालत नाही असा एक शिंपीवर्ग या भूतलावर आहे, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो. हा वर्ग बॉलरूम नृत्याच्या स्पर्धांसाठी गाऊन शिवतो. इंग्लंडात ब्लॅकपूल नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथल्या विंटर गार्डन्समधल्या एम्प्रेस बॉलरूममध्ये १९२० साली नृत्यमहोत्सव सुरू झाला आणि आज शंभर वर्षं उलटली तरी जगभरच्या नाचणाऱ्यांची ती पंढरी आहे. तिथं बॅण्ड वाजायला लागल्यावर ‘काजं-बटणं राहिलीत’ म्हणून चालत नाही.

आता बँकेत कारकुनी करणाऱ्या, बी. कॉम. (दुसरा वर्ग, तोही काठावर) माणसाला नाचाच्या गाऊनशी काय कर्तव्य, असं तुम्ही विचाराल. आमच्या हिनंही विचारलं. तिच्या स्वरात कुतूहलापेक्षा संशय जास्त होता. शिवाय आपल्याकडे गाऊन म्हणजे दुधाची पिशवी घ्यायला दाराशी येताना खांद्यावर टॉवेल टाकून घालायचं ते वस्त्र. ते घालून कुणी नाचत नाही. नाचलंच तर झुरळ दिसल्यामुळे.

कर्तव्य असं की मी या विषयात शिरलो तो टिकलीच्या दारातून. कपड्यावर चमकतात त्या टिकल्यांना इंग्रजीत ‘सीक्विन’ म्हणतात. हा शब्द आला व्हेनिसच्या ‘झेक्किनो’ नावाच्या सोन्याच्या नाण्यावरून. ते नाणं ज्या टांकसाळीत पडायचं ती ‘झेक्का’, आणि ‘झेक्का’ आला अरबी ‘सिक्का’वरून. म्हणजे बाईच्या गाऊनवरची टिकली आणि मी दिवसभर व्हाउचरांवर मारतो तो शिक्का, ही एकाच घराण्यातली भावंडं! एक लंडनला जाऊन चमकलं, दुसरं आमच्या काउंटरवर जांभळ्या शाईत पडून राहिलं. भाऊबंदकीत असं व्हायचंच. पण नातं निघाल्यावर चौकशी करणं भाग होतं.

प्रथम या कपड्याची गोम सांगतो. आपण कपडा शिवून घेतो तो उभं राहून, आरशात बघून. नाचाचा कपडा मुळात उभं राहण्यासाठी नसतोच. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप या नाचांत बाई पुरुषाला समोरून धरून असते, तेव्हा तिची पुढची बाजू त्याच्या कोटाआड जाते. परीक्षकांना दिसते ती बहुतांशी पाठ. त्यामुळे नक्षी, खडे, जाळी यांतला पुष्कळसा ऐवज पाठीवर. (आमच्या बँकेतही गिऱ्हाइकाला कारकुनाची पाठच जास्त दिसते, पण तिच्यावर कुणी खडे लावत नाही. मारायची इच्छा असते एवढंच.) आतून पोहण्याच्या पोशाखासारखं एक अंगाबरोबर बसणारं वस्त्र असतं आणि घागरा त्यालाच शिवलेला असतो, म्हणजे हात वर गेले तरी गाऊन जागचा हलत नाही. घेराच्या काठाला कडक पट्टी घालतात. पूर्वी ती घोड्याच्या केसांची असायची, आता नायलॉनची असते. तरी शिंपी मंडळी तिला अजून घोड्याचे केसच म्हणतात. या पट्टीमुळे गिरकी घेतली की काठ लाटेसारखा उठतो आणि बाई थांबली तरी कापड अर्धी गिरकी जास्त घेतं. त्या अर्ध्या गिरकीचेच सगळे पैसे.

पुरुषाच्या कोटाची तऱ्हा आणखी गमतीची. त्याचा टेलकोट हात उचललेल्या अवस्थेत बसवतात. बाईला धरल्यावर खांदे सपाट दिसले पाहिजेत, कॉलर मानेपासून सुटता कामा नये. तोच माणूस हात खाली सोडून उभा राहिला की कोटाला खांद्यावर अशा घड्या पडतात की तो मागून आणल्यासारखा वाटावा. म्हणजे हा जगातला एकमेव कोट, की जो बायको धरल्याशिवाय शोभत नाही.

ही अक्कल एका दिवसात आली नाही. १९१० च्या सुमारास युरोपातल्या फॅशनवाल्या बायका ‘हॉबल’ नावाचा घागरा घालत होत्या. तो घोट्याशी इतका आवळलेला असे की बाईला पाऊल टाकायला वीतभरच जागा. गाडीत चढताना दोघांनी उचलायचं. अशा बाईनं टँगो नाचायचा म्हणजे पोत्याच्या शर्यतीत भरतनाट्यम्. तेव्हा बाईला पाऊल टाकू देणारा, तिच्यामागं धावणारा, हलका कपडा कुणीतरी शिवायला हवा होता. तो ज्यांनी शिवला त्यांत एक नाव फार मोठं आहे. लूसिल.

या बाईचं मूळ नाव लूसी सदरलँड. जन्म १८६३ सालचा, लंडनचा. बाप लवकर गेला, बालपण कॅनडात आजोळी गेलं आणि शिवणकाम शिकली ती बाहुल्यांवर. पुढे १८८४ साली लग्न झालं. नवरा दारूबाज निघाला आणि संसार विस्कटला. मग रीतसर घटस्फोट झाला. त्या काळी इंग्लंडात घटस्फोटित बाई म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला नको. पदरी एक लहान मुलगी, गाठीला पैसा नाही, शिक्षण यथातथा. बाईनं आईच्या घरी जेवणाच्या खोलीत जमिनीवर कापड पसरलं आणि ओळखीपाळखीच्या बायकांचे कपडे बेतायला घेतले.

हे प्रकरण कर्जासाठी माझ्या टेबलावर आलं असतं तर मी शेरा काय मारला असता? तारण : नाही. नवरा : होता. अनुभव : बाहुल्या. जामीनदार : आई. शिफारस : नामंजूर. आमच्याच काय, कुठल्याही बँकेतल्या इमानी कारकुनानं हेच लिहिलं असतं. पण हे लिहितानाही माझा हात जरा अडखळला असता, कारण आमच्या मावशीचं प्रकरण तंतोतंत हेच. नवरा गेला तेव्हा मावशीचं वय अठ्ठावीस. दोन मुलगे, एक खोली आणि हप्त्यानं घेतलेलं पायमशीन. त्या मशीनवर तिनं गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवून दोन्ही मुलगे शिकवले. आम्ही सुटीत गेलो की रात्री त्या मशीनच्या आवाजावर झोपायचो, आणि सकाळी उठायचो तरी तो आवाज चालूच असायचा. मधल्या वेळात मावशी झोपली होती की नाही, हे विचारायचं आम्हां पोरांना कधी सुचलं नाही. तिनं शिवलेल्या पोलक्यावर नाव कुणाचं? ज्या दुकानातून कापड घेतलं त्या दुकानाचं. असो.

लूसी मात्र स्वतःचं नाव लावून मोकळी झाली. १८९४ च्या सुमारास तिनं लंडनमध्ये ‘मेझाँ लूसिल’ काढलं. १९०० साली सर कॉस्मो डफ-गॉर्डन या सरदाराशी तिचं दुसरं लग्न झालं आणि ती ‘लेडी’ झाली. पण लेडी झाल्यावर कात्री टाकून देईल तर ती लूसी कसली! नुसता कपडा विकण्यात तिला गोडी नव्हती. मंच, पडदा, दिवे, संगीत, निमंत्रणपत्रिका असा सगळा थाट करून ती जिवंत मुलींच्या अंगावर कपडे दाखवायची. गाऊनला क्रमांक देण्याऐवजी नावं द्यायची, आणि ती नावंही अशी की वाचणारा लाजेल. अतृप्त ओठांच्या सुस्काऱ्यांवरून एका गाऊनचं बारसं केलेलं होतं. कल्पना करा, आपल्या लक्ष्मी रोडवर कुणी जाऊन म्हणतंय, “अहो, ती ‘अतृप्त ओठ’ काढा बघू, निळ्यात.”

नाचाशी तिची गाठ पडली ती १९०७ साली. लंडनच्या डेलीज थिएटरात ‘द मेरी विडो’ ही संगीतिका आली आणि तिच्यातल्या वॉल्ट्झनं शहराला वेड लावलं. नायिका होती लिली एल्सी, आणि तिचे कपडे लूसिलचे. नायिकेच्या डोक्यावर लूसिलनं अशी अफाट रुंद हॅट चढवली की पुढची काही वर्षं बायका दारातून तिरक्या होऊन आत येत. नाटकात विधवा गाते, नाचते, हॅट घालते आणि शेवटी लग्नही करते. आणि तिचे कपडे शिवणारी बाई स्वतः नवऱ्यानं वाऱ्यावर सोडलेली. हा योग मला नाटकापेक्षा जास्त नाट्यमय वाटतो.

मग न्यूयॉर्कला शाखा १९१० साली, पॅरिसला १९११ साली. आणि १९१२ च्या एप्रिलात बाई धंद्याच्या कामासाठी न्यूयॉर्कला निघाली ती टायटॅनिक बोटीनं. तरली. नवरा-बायको ज्या जीवरक्षक होडीत होते तिच्यात चाळीस माणसं मावत होती आणि प्रत्यक्षात होती बारा. पुढं इंग्लंडात चौकशी बसली. सर कॉस्मोनं होडीतल्या खलाशांना प्रत्येकी पाच पौंड दिले होते, ती लाच होती का, असा प्रश्न निघाला. खलाशांचं सामानसुमान बुडालं म्हणून ते दिले, असं सर कॉस्मोचं म्हणणं. चौकशीत लाचेचा आरोप टिकला नाही, पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? मला मात्र या सगळ्यात एका गोष्टीचं अप्रूप वाटलं. चेकबुक समुद्राच्या तळाशी असल्यामुळे सर कॉस्मोनं हे चेक साध्या कागदावर लिहिले होते, कूट्स बँकेवर! आमच्याकडे छापील चेकवर सही जरा तिरकी आली तर आम्ही तो ‘सही जुळत नाही’ म्हणून परत करतो. बुडत्या जहाजातून आलेला माणूस साध्या कागदावर चेक लिहितो, हे वाचून मी दोन दिवस काउंटरवर जरा नरमाईनं वागलो.

नाचाच्या कपड्याला खरं वळण मिळालं ते त्यानंतर. व्हर्नन आणि आयरीन कॅसल हे जोडपं तेव्हा अमेरिकेला नाचायला शिकवत होतं. नवरा इंग्रज, बायको अमेरिकन, दोघंही काठीसारखी सडपातळ. ती स्पर्धक नव्हती. लोकांनी आपल्याकडे पाहून नाचावं, म्हणून नाचून दाखवणारी ती मंडळी. पण पुढं स्पर्धांत जी जोडीनं सरकण्याची ढब आली तिच्या मुळाशी ही दोघं आहेत. आयरीननं केस कापले तर हजारो बायकांनी कापले. तिनं कंबरेचं आवळणं सोडलं तर इतरजणींनीही हुश्श केलं. १९१४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला ‘वॉच युअर स्टेप’ हा आयर्व्हिंग बर्लिनच्या संगीताचा खेळ लागला, त्यात आयरीनचे गाऊन लूसिलचे होते. शिफॉन. हवेपेक्षा अंमळ जड. पाय टाकायला मोकळा घेर. बाई वळली की कापड एक श्वास उशिरा वळायचं. आज ब्लॅकपूलला जो गाऊन लाटेसारखा उठतो त्याची आजी मला तरी या शिफॉनमध्येच दिसते. व्हर्नन पुढं १९१८ साली विमानाच्या प्रशिक्षणात टेक्ससमध्ये गेला. आयरीन मागं उरली.

आता लूसिलचा पुढचा पराक्रम. इथं मला कॉमर्सचा पदवीधर म्हणून जरा सरसावून बसलं पाहिजे. इतके दिवस या पदवीचा उपयोग मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर ‘वडिलांचे शिक्षण’ या रकान्यापुरता होता. आम्हांला मर्कंटाइल लॉ नावाचा विषय होता. आमच्या सरांनी ‘कार्बॉलिक स्मोक बॉल’ या खटल्यावर तीन तास घेतले आणि चौथ्या तासाला आम्ही गेलो नाही. अमेरिकेत मात्र कायद्याच्या पोरांना करार शिकवताना जो खटला हमखास येतो, त्यातली प्रतिवादी आमची लूसिल आहे. ‘वुड विरुद्ध लूसी, लेडी डफ-गॉर्डन’, सन १९१७.

झालं असं. बाईचं नाव इतकं झालं होतं की नुसतं ‘लेडी डफ-गॉर्डन यांना पसंत’ एवढं म्हटलं तरी वस्तू खपत होती. तेव्हा १९१५ साली ओटिस वुड नावाच्या माणसाशी तिनं करार केला. तिचं नाव कुठल्या मालाला लावायचं हे तो ठरवून आणणार, दुसऱ्या कुणाला तो हक्क नाही, आणि नफा निम्मा-निम्मा. पुढं बाईनं वुडला न विचारता आपलं नाव परस्पर देऊन टाकलं आणि पैसेही एकटीनं घेतले. सीअर्स रोबक या टपालानं माल पाठवणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगात तिच्या नावाचे कपडे येऊ लागले, जिथं शेतकऱ्यांच्या बायका नांगर आणि बादल्या यांच्या शेजारी पोशाखही बघत. वुड कोर्टात गेला. बाईच्या वकिलाचा युक्तिवाद फर्मास होता. म्हणे, या करारात वुडनं काही करण्याचं वचन दिलेलंच नाही. तो घरी पाय पसरून बसला असता तरी करार मोडला नसता. मग एका बाजूनं बंधन आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, याला करार कसं म्हणायचं?

आमच्या परीक्षेत हा प्रश्न आला असता तर मी बाईच्या बाजूनं उत्तर लिहिलं असतं आणि त्या दोन मार्कांना पेढेही वाटले असते. पण न्यूयॉर्कच्या अपील कोर्टात न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो बसले होते. त्यांनी सांगितलं की, शब्दांत वचन नसलं तरी सगळ्या करारातूनच ते ऐकू येतंय. नफा निम्मा मिळणार म्हणजे वुडनं बेताचे का होईना प्रयत्न केलेच पाहिजेत, हे दोघांनीही गृहीत धरलेलं होतं. निकाल चार विरुद्ध तीन अशा मतांनी बाईच्या विरुद्ध गेला.

निकाल बरोबरच आहे. तरी मन जरा खट्टू होतं. जेवणाच्या खोलीत कापड पसरलं तेव्हा तिच्याकडे तारण म्हणून काही नव्हतं. वीस-बावीस वर्षांनी तिचं नाव हेच एवढं मोठं तारण झालं, की त्याचा निम्मा हिस्सा दुसऱ्याचा ठरला आणि तो कोर्टानं तिच्याकडून काढून दिला. १९२० नंतर धंदा बसत गेला, बाई त्यातून बाहेर पडली आणि १९३५ च्या एप्रिलात लंडनला वारली. इकडं आमच्या मावशीच्या नावाचा निम्मा हिस्सा मागायला कुणी आलं नाही, कारण नावच नव्हतं. दोघींत सुखी कोण, हे मी मावशीला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, “ते राहू दे, सुईत दोरा ओवून दे.”

बरोबर त्याच वर्षी, १९३५ साली, नाचाच्या कपड्यानं हॉलिवूडमध्ये मोठा दंगा केला. ‘टॉप हॅट’ या सिनेमात जिंजर रॉजर्सनं फ्रेड अस्टेअरबरोबरच्या एका नाचासाठी शहामृगाच्या पिसांचा निळा गाऊन मागितला. बर्नार्ड न्यूमननं तो बेतला. सिनेमा कृष्णधवल होता, म्हणजे निळा रंग जिंजरच्या मनःशांतीपुरताच. नाच सुरू झाला आणि पिसं सुटली. अस्टेअरच्या काळ्या कोटावर पिसं, डोळ्यांत पिसं, नाकात पिसं. बिचारा शिंकत-शिंकत वैतागला. गादी पिंजणाऱ्याच्या दुकानात शिरल्यासारखी त्याची अवस्था झाली. पण जिंजर हटेना, आणि तिची आईही हटेना. आया मध्ये पडल्या की शिंप्याचं आणि नवऱ्याचं सारखंच होतं. रात्रीतून पिसं पुन्हा पक्की केली गेली आणि चित्रीकरण झालं. सिनेमा बघताना आजही लक्ष ठेवलं तर एखाददुसरं पीस तरंगताना दिसतं. पण पडद्यावर तो गाऊन असा काही डोलतो की अस्टेअरलाही कबूल करावं लागलं. त्यानं जिंजरला पिसाच्या आकाराचा सोन्याचा दागिना पाठवला आणि तिचं नावच ‘फेदर्स’ ठेवलं.

पुढच्याच वर्षी ‘फॉलो द फ्लीट’मध्ये जिंजरनं मण्यांचा गाऊन घातला. वजन सुमारे पंचवीस पौंड, म्हणजे अकरा-साडेअकरा किलो! एवढा तर गव्हाचा डबा भरतो. त्याच्या लांब बाह्या इतक्या जड होत्या की पहिल्याच वेळी गिरकीत एक बाही फाडकन अस्टेअरच्या तोंडावर बसली. त्यानंतर त्यांनी तो नाच पुन्हा-पुन्हा, वीसेक वेळा तरी केला, आणि शेवटी सिनेमात घेतला तो पहिलाच. आमच्याकडे नऊवारीच्या कासोट्यावर आणि पायांतल्या किलो-किलोच्या घुंगरांवर रात्र-रात्र लावणी उभी राहते, तिथंही कपड्याचं वजन नाचणारीच पेलते, पण शेजारच्या माणसाला मार बसत नाही. जोडीनं नाचण्यातला हा खरा धोका.

हे सगळं पडद्यावरच्या राण्यांचं झालं. स्पर्धेतल्या बायका त्या बघून येत आणि दुसऱ्या दिवशी शिंपिणीपुढं उभ्या राहत. त्या काही लेड्या नव्हत्या. गिरणीतल्या, दुकानातल्या, हपिसातल्या टायपिस्ट पोरी. नवरा किंवा जोडीदार तसाच कुणी कारकून. आठवडाभर राबायचं आणि शनिवारी बॉलरूममध्ये दोन तास सरदार व्हायचं. मला या लोकांबद्दल विशेष आपुलकी वाटते. मग महायुद्ध आलं. १ जून १९४१ पासून इंग्लंडात कपड्यांचं रेशनिंग झालं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं, त्यात एका लोकरी पोशाखाला ११ जाणार. ते मार्च १९४९ पर्यंत चाललं. आठ वर्षं तागडीत तोललेलं कापड वापरल्यावर बायकांनी काय केलं असेल? सगळा सूड घेराचा घेर वाढवून घेतला! १९५० च्या दशकातल्या गाऊनखाली जाळीचे थरावर थर असत. बाई बसायला गेली की घागरा आधी बसायचा आणि ती नंतर.

त्याच सुमारास, १९५० साली, बी. बी. सी.नं ‘कम डान्सिंग’ हा कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू केला. मध्ये खंड पडत, निवेदक बदलत तो १९९८ पर्यंत चालला. गावोगावचे संघ यायचे. या कार्यक्रमाची एक लकब अख्ख्या इंग्लंडच्या थट्टेचा विषय झाली होती. जोडपं मैदानात उतरलं की निवेदक गंभीर आवाजात सांगायचा, या गाऊनला इतके वार जाळी लागली असून तिच्यावरच्या इतक्या हजार टिकल्या मुलीच्या आईनं हातानं शिवल्या आहेत. लोक हसायचे. मला हसू येत नाही. मी हिशेब केला. एक टिकली टाकायला, गाठ मारायला अर्धा मिनिट धरा. पाच हजार टिकल्यांना झाले अडीच हजार मिनिटं, म्हणजे एक्केचाळीस तास चाळीस मिनिटं. रात्री जेवणं-भांडी उरकल्यावर दोन तास बसलं तर तीन आठवडे. ओव्हरटाइम शून्य. एवढ्या बायकांची नावं निवेदकानं घेतली नाहीत ती नाहीतच. ‘आई’ एवढंच पद, जसं आमच्याकडे ‘शिपाई’.

टिकलीनंही या मंडळींना कमी छळलेलं नाही. १९३० च्या दशकात टिकल्या जिलेटिनच्या निघाल्या होत्या. वजनाला पिसासारख्या, चमकायला झकास, पण ऊब लागली, घाम लागला की विरघळायच्या. म्हणजे जोडीदारानं पाठीवर हात ठेवला आणि नाच रंगला, की हाताखालच्या टिकल्या जागच्या जागी साखरेच्या पाकासारख्या! पुढं अॅसिटेटच्या आल्या, मग १९५० च्या दशकात प्लॅस्टिकचं कवच आलं आणि टिकली धुण्याजोगी झाली.

आणि मग खडे आले. ऑस्ट्रियात वॉटेन्स नावाच्या गावी डॅनियल स्वारोव्हस्की या काच कापणाऱ्यानं १८९५ साली कारखाना काढला होता, काच घासायचं यंत्र त्यानं आधीच पेटंट करून ठेवलं होतं. १९५६ साली त्या कारखान्यानं काचेवर असं पातळ पूट चढवलं की एकाच खड्यातून निळा, हिरवा, गुलाबी सगळे रंग फुटावेत. रंगीत दूरदर्शन यायला अजून अवकाश होता, पण बॉलरूमच्या दिव्यांना तेवढा धीर कुठला! आज भारी गाऊनवर असे खडे हजारांनी बसतात, आणि ते सुईनं नव्हे, डिंकानं किंवा इस्त्रीसारख्या गरम टोकानं. आया सुटल्या. या चमकण्याचा रोग इतका वाढला की आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांत सगळ्यात लहान मुलींच्या पोशाखावर टिकल्या-खडे लावायलाच बंदी आहे. परीक्षकांनी पाय बघावेत, आईबापांची ऐपत बघू नये, हा हेतू. नियम करणाऱ्याच्या घरी लग्नाच्या वयाच्या मुली असाव्यात.

एवढा जीव ओतलेला हा गाऊन टिकतो किती? एखादा हंगाम. स्पर्धेच्या मैदानावर तोच गाऊन पुन्हा-पुन्हा दिसणं बरं नव्हे. मग तो विकतात. वरच्या पायरीवरच्या नाचणारीचा गाऊन खालच्या पायरीवरची घेते, कंबरेत शिलाई उसवते, काठ चार बोटं वर घेते. ती पुढं दुसरीला देते. असा तीन-चार जणींच्या अंगावर नाचून-नाचून जाळी फाटली, शिफॉनचा जीव गेला की तो परत येतो कुठल्यातरी शिंपिणीच्याच टेबलावर. ती बारीक चिमट्यानं एकेक खडा सोडवते, डिंक पुसते, पांढऱ्या फडक्यावर दहा-दहाच्या ओळी लावून मोजते आणि डबीत भरते. पुढच्या गाऊनसाठी. डबीवर ती आकडा लिहून ठेवते, असं आमच्या हेड कॅशियरना सांगितलं तेव्हा त्यांनी आयुष्यात प्रथमच माझ्या एखाद्या गोष्टीत रस दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “आणि सही?”